होदिगेरे येथील शहाजीराजांची समाधी

घराण्याचे स्मशान ही कल्पना आपणांकडे फारशी रुजली नाही. देह अग्नीस अर्पण करावा, अस्थी तीर्थात विसर्जित कराव्या, हा आपला शिष्टाचार. मागे उरलेच तर एखादे वृंदावन किंवा चौथरा उरतो, आणि तोही बहुधा जेथे प्राणोत्क्रमण झाले त्याच भूमीवर. म्हणून ज्या कुळातील पुरुषांचे आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले, त्यांच्या समाध्या एका आवारात शोधू जाणे व्यर्थ होय.

भोसले कुळाचेच पाहा. जिजाबाई १६७४ साली पाचाडास निवर्तल्या. शिवछत्रपती १६८० साली रायगडावर. संभाजीराजांचा अंत १६८९ मध्ये भीमेकाठी तुळापुरी झाला. राजाराम महाराज १७०० साली सिंहगडावर गेले. पुढे सातारची गादी स्थिरावल्यावर मात्र कृष्णा-वेण्णेच्या संगमी, माहुलीस, या घराण्याची वृंदावने एकत्र आली. येसूबाई आणि ताराबाई यांची वृंदावनेही तेथेच आहेत. माहुलीस देवदर्शनाला जाणारे आमचे वाचक ती पाहून येतात.

परंतु या सर्वांचा जो मूळ पुरुष, त्याची समाधी महाराष्ट्रात नाहीच. ती कर्नाटकात, दावणगेरे जिल्ह्याच्या चन्नगिरी तालुक्यात, होदिगेरे नामक खेड्याच्या शिवारात आहे. हा सुपारीच्या बागांचा व भातशेतीचा मुलूख. सुळेकेरेचा विस्तीर्ण तलाव याच तालुक्यातला. जुन्या पुस्तकांत हे गाव शिमोगा जिल्ह्यात दाखविलेले आढळेल, कारण दावणगेरे जिल्हा १९९७ साली निराळा झाला. शोध घेणाऱ्याने एवढे ध्यानी ठेवावे.

शके १५८५, माघ शुद्ध पंचमी, शनिवार, म्हणजे २३ जानेवारी १६६४. विजापूरकरांच्या चाकरीत बेदनूरच्या बाजूस असता शहाजीराजे शिकारीस गेले, घोड्याचा पाय अडकला, आणि पडून त्यांचा अंत झाला. साऱ्या दक्षिणेत ज्याने तलवार गाजविली, निजामशाही बुडताना जो एकटा तिच्या पाठीशी उभा राहिला, त्याचे मरण रणात नव्हे तर असे शेतवनात यावे! पुत्र त्याच महिन्यात सुरतेवर चालून गेला होता. परत आल्यावर त्यास ही वार्ता कळली. जिजाबाई सती जाण्यास सिद्ध झाल्या, आणि शिवाजीराजांनी मोठ्या प्रयासाने त्यांस परावृत्त केले, हे बखरींतून प्रसिद्धच आहे. त्या मागे राहिल्या म्हणूनच दहा वर्षांनी पुत्राचा राज्याभिषेक त्यांच्या दृष्टीस पडला.

समाधी अगदी साधी आहे. ना घुमट, ना नक्षी. उघड्या आभाळाखाली दगडी बांधणी, एवढेच. केंद्रीय पुरातत्त्व खात्याने ती संरक्षित स्मारकांत घेतली असून त्याच्या इंग्रजी यादीत तीस थडगे या अर्थाचा शब्द योजला आहे. तो वाचून कोणी गोंधळू नये.

येथे आम्हांस एक गोष्ट खटकते. याच शहाजीराजांचे दुसरे पुत्र व्यंकोजी यांच्या वंशाने तंजावरास राज्य केले, आणि १८०३ साली सरफोजीराजांनी आपल्या कुळाचा इतिहास तेथील बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. इतक्या दूर, तमिळ देशी, कुळाची आठवण देवालयाच्या दगडावर आहे. मूळ पुरुषाच्या जागेची राखण मात्र कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या शेजारावर आली. सीमेवरील गावे कोणाची, यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडलो. त्या भांडणात बेळगावचे नाव शंभरदा आले, होदिगेरेचे क्वचित. रायगडास जाणाऱ्यांची आणि येथे येणाऱ्यांची संख्या ताडून न पाहिलेलीच बरी.

माघ शुद्ध पंचमी म्हणजे वसंतपंचमी. त्या दिवशी आपल्या अनेक देवळांत उत्सव असतो, आणि हीच शहाजीराजांची पुण्यतिथी. पुण्याहून बंगळुरास जाणारा हमरस्ता दावणगेऱ्यावरूनच जातो. शृंगेरी वा उडुपीच्या यात्रेस निघालेल्या मंडळींनी मधला एक दिवस राखून ठेवावा आणि चन्नगिरीकडे वळावे. जाताना तेलवात सोबत असू द्यावी.