एक साधन, दोन दृष्टि

विज्ञानाच्या इतिहासांत असें पुष्कळदां घडतें कीं, दार उघडणारा एक असतो आणि आंत प्रवेश करणारा दुसराच. मज्जातंतुशास्त्राच्या इतिहासांत मात्र याहूनहि विलक्षण प्रकार घडला. ज्यानें दार उघडलें त्यानेंच आंत सांपडलेलें सत्य अखेरपर्यंत नाकारलें. आणि १९०६ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारण्यासाठीं तो व त्याचा प्रतिपक्षी स्टॉकहोम येथें एकत्र आले. कामिल्लो गोल्जी आणि सान्तियागो रामोन इ काहाल हे ते दोघे पुरुष होत.

प्राण्यांचें शरीर स्वतंत्र पेशींचें बनलेलें असतें, हा सिद्धांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झाला होता. शंका उरली होती ती मज्जासंस्थेविषयीं. मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरला, तर तंतूंचें घनदाट रान तेवढें दिसे. कोणता तंतु कोठून निघाला व कोठें संपला, याचा माग लागत नसे. तेव्हां जर्मन शास्त्रज्ञ गेरलाख यानें असें मत मांडलें कीं, हे तंतु एकमेकांत मिसळून त्यांचें एक अखंड जाळें झालेलें आहे. बहुतेक विद्वानांस तें पटलें.

गोल्जीचा जन्म १८४३ मधला. मिलानजवळच्या अब्बियातेग्रास्सो या लहानशा गांवीं असाध्य रोग्यांचें एक रुग्णालय होतें. १८७२ सालीं तेथें तो मुख्य वैद्य म्हणून गेला. प्रयोगशाळा अशी तेथें नव्हतीच. राहत्या जागेंतील स्वयंपाकघरांतच त्यानें आपलें यंत्र मांडलें. मेंदूचे तुकडे प्रथम पोटॅशियम डायक्रोमेटमध्यें मुरवावयाचे आणि मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत ठेवावयाचे, अशी रीति त्यानें शोधून काढली व १८७३ सालीं ती प्रसिद्ध केली. या रीतीनें असंख्य पेशींपैकीं थोड्याच पेशी काळ्या होत. परंतु ज्या होत त्या मुळापासून शेंड्यापर्यंत पिवळसर पार्श्वभूमीवर स्पष्ट उठून दिसत. रानांतील इतर सर्व झाडें अदृश्य व्हावींत आणि एकच झाड फांद्यांसह दिसावें, तसाच हा चमत्कार होता. तरीहि गोल्जीच्या मनांतून तें जाळें गेलें नाहीं. पेशीच्या आंखूड शाखा मोकळ्या संपतात, हें त्यानें मान्य केलें. पण लांब तंतु एकमेकांत मिसळून जातात, हा आग्रह त्यानें सोडला नाहीं.

यानंतर चौदा वर्षें या रीतीकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १८८७ सालीं माद्रिद येथें सिमार्रो नांवाच्या वैद्याच्या घरीं काहालनें अशा रीतीनें रंगविलेला काप पाहिला आणि तो थक्क झाला.

काहालचा जन्म १८५२ सालीं उत्तर स्पेनमधील एका खेड्यांत झाला. त्याला चित्रकार व्हावयाचें होतें. शस्त्रवैद्य असलेल्या बापाला हा नाद मुळींच पसंत नव्हता. त्यानें मुलाला कांहीं दिवस न्हाव्याकडे आणि चांभाराकडेहि उमेदवारीस ठेवलें. पुढें बापानेंच त्याला स्मशानांतील हाडें दाखवून शरीररचना शिकविली आणि मुलाची पेन्सिल त्या हाडांवर जडली. लष्करी वैद्य म्हणून तो क्यूबांत गेला, हिंवतापानें खंगून परतला, आणि सांठलेल्या पगारांतून त्यानें सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतलें.

बार्सिलोना येथें अध्यापक असतांना त्यानें गोल्जीच्या रीतींत दोन सुधारणा केल्या. चांदीच्या क्षाराची क्रिया त्यानें दोनदां केली. आणि पूर्ण वाढलेल्या मेंदूऐवजीं पक्ष्यांचे व सस्तन प्राण्यांचे गर्भ तपासावयास घेतले, कारण त्यांच्या तंतूंवर मेदाचें वेष्टण चढलेलें नसतें. जें दिसलें तें स्वच्छ होतें. तंतु दुसऱ्या पेशीला टोपलीसारखा वेढा घालतो, तिला बिलगतो, पण तिच्यांत मिसळत नाहीं. प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र आहे!

हें सांगावयाचें कोणाला? मे १८८८ मध्यें त्यानें पदरमोड करून स्वतःचें त्रैमासिक काढलें. प्रती अवघ्या साठ. त्या बहुतेक परदेशी पंडितांकडे रवाना झाल्या. प्रतिसाद जवळजवळ नाहींच. तेव्हां १८८९ च्या ऑक्टोबरमध्यें आपले काप घेऊन तो बर्लिनच्या परिषदेस गेला आणि मोडक्यातोडक्या फ्रेंच भाषेंत समजावीत त्यानें एकेकाला यंत्राशीं आणून बसविलें. त्यांत बहात्तर वर्षांचा वयोवृद्ध पंडित केलिकर होता. त्यानें पाहिलें, परत जाऊन स्वतः पडताळा घेतला, आणि अखंड जाळ्याचें आपलें जुनें मत निःसंकोचपणें टाकून दिलें. पुढें १८९१ सालीं वाल्डेयर यानें या स्वतंत्र पेशीस 'न्यूरॉन' हें नांव दिलें. आणि १८९७ मध्यें इंग्लंडमधील शेरिंग्टन यानें दोन पेशींच्या सांध्यास 'सायनॅप्स' म्हटलें.

१९०६ चें पारितोषिक दोघांस विभागून मिळालें. ११ डिसेंबर रोजीं गोल्जीनें आपल्या व्याख्यानाचा विषयच न्यूरॉनचा सिद्धांत हा घेतला आणि त्याचें खंडन केलें. दुसऱ्या दिवशीं काहालनें आपला पुरावा मांडला. काप त्याच रीतीचे, काळा रंग तोच. निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध!

१९२६ सालीं गोल्जी वारला आणि १९३४ सालीं काहाल. दोन पेशींमधील फट प्रत्यक्ष पाहण्याचें भाग्य दोघांनाहि लाभलें नाहीं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें ती १९५० नंतरच्या दशकांत दिसली. तिची रुंदी सुमारें एका मिलिमीटरचा पन्नास हजारावा भाग. आज कंपवातावर, अपस्मारावर आणि मनोविकारांवर दिलीं जाणारीं कित्येक औषधें या सांध्यांच्या ठिकाणींच कार्य करतात.

म्हणून गोल्जीला हंसण्याचें मात्र कारण नाहीं. १८९८ सालीं त्यानें पेशीच्या आंत एक जाळीदार रचना पाहिली. अनेकांनीं ती भास म्हणून झिडकारली, पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें तीहि खरी ठरविली, आणि आज ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते. तेथें त्यानें डोळ्यांवर विश्वास ठेवला. मज्जातंतूंच्या बाबतींत मताला डोळ्यांपुढें बसविलें. उतारवयांत आपलें मत बदलणाऱ्या केलिकरचें मोठेपण याच तुलनेंत ध्यानांत येतें. साधन शोधण्यास बुद्धि लागते. त्या साधनानें दाखविलेलें स्वीकारण्यास तिच्या जोडीला मन मोकळें असावें लागतें.