रूळ नसलेल्या गावातील आगगाडी

लाटंबार्शात रेल्वे स्टेशन नाही. आगगाडी पकडायची तर आम्ही थिवी गाठतो. थिवी आणि पेडणे ही स्टेशने कोकण रेल्वेबरोबर आली आणि तो मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला. त्याआधी शंभरहून अधिक वर्षे गोव्याची आगगाडी म्हणजे मुरगाव बंदरातून निघून मडगाव, सावर्डे, कुळे करत, दूधसागराजवळून कॅसलरॉकला चढणारी मीटरगेज गाडी. ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत १८७८ साली तह झाला आणि त्यातून १८८० च्या दशकात हा मार्ग उभा राहिला. १९९० च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. मीटरगेजचे रूळ गेले, त्यांबरोबर ती गाडीही गेली.

गेलेली गाडी परत आणता येत नाही, तिची प्रतिकृती मात्र करता येते. युरोपात हा छंद जुना आहे. जर्मनीतील मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत चावीवर चालणारी आगगाडी मांडली. रूळ ठरावीक मापाचे असल्यामुळे ते हवे तितके वाढवत नेता येत. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबीची खेळण्यातली आगगाडी १९२० साली आली. तिच्या प्रचाराला त्याच्याच कंपनीचे 'मेकॅनो मॅगझिन' हाताशी होते. ते मासिक १९१६ पासूनचे. म्हणजे या छंदाचा प्रसार त्या त्या काळातल्या साधनावर स्वार होऊनच झाला: आधी जत्रा, मग मासिक.

आपल्याकडे मराठी माणसाने हे काम पुण्यात केले. कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. कोकण रेल्वे पूर्ण झाली तेच हे वर्ष. छोटेखानी शहर, त्यातून धावणाऱ्या गाड्या, सिग्नल, दिवे, सारे तिथे आहे. पण ते पाहायला पुण्याला जावे लागते. हँबुर्गचे २००१ साली उघडलेले 'मिनिआटूर वुंडरलांट' पाहायला मात्र आता जर्मनीला जावे लागत नाही. २०१६ साली गूगलने इवल्या गाड्यांवर कॅमेरे बसवून तिथले रस्ते टिपले. लाटंबार्शाचा मुलगा ते मोबाईलवर पाहू शकतो.

इथेच मला एक धोका दिसतो. फेसबुकवर, यूट्यूबवर धावती गाडी अर्ध्या मिनिटात दिसते आणि पाहणारा पुढे सरकतो. त्यामागची कित्येक महिन्यांची मेहनत दिसत नाही. नुसती धावती गाडी पाहून कौतुक वाटेल, पण हात कामाला लागणार नाहीत. छंद वाढवायचा असेल तर मोबाईलने घडण दाखवावी. चवथीच्या देखाव्यांसाठी पुठ्ठा, थर्माकोल, कागदाचा लगदा, जुन्या मोटरी वापरून डोंगर-देवळे उभी करणारी पोरे आपल्या वाड्यावाड्यांवर आहेत. डोंगर करता येतो त्याला दूधसागरही करता येईल.

हिशेबही अवघड नाही. १:८७ या प्रचलित प्रमाणात मीटरगेजचे १००० मिलिमीटर साडेअकरा मिलिमीटर होतात आणि या प्रमाणाच्या मीटरगेजसाठी १२ मिलिमीटरचा रूळ परदेशात तयार मिळतो. आपला ब्रॉडगेज मात्र या प्रमाणात सुमारे १९.३ मिलिमीटर होतो, तर सर्वत्र मिळणारा रूळ १६.५ चा. म्हणजे गंमत अशी, की आजच्या कोकण रेल्वेपेक्षा आपली नाहीशी झालेली गाडी मापात अधिक चोख बसते. घाटाचा चढ १:३७, म्हणजे ३७ सेंटिमीटर अंतरात एक सेंटिमीटर. एवढे मोजायला शाळेची पट्टी पुरते.

उरतो तो तपशील: डब्यांचा रंग, स्टेशनांची कौले, पाट्या. तो घराघरांतल्या जुन्या फोटोंत आहे, त्या गाडीने प्रवास केलेल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींत आहे. मोबाईलचा खरा उपयोग इथे आहे. फोटो टिपावेत, आजीआजोबांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर विचारावे, मिळालेले सगळ्यांसमोर ठेवावे. फोटो वाळवी खाईल आणि आठवणी माणसाबरोबर जातील. हे काम पुढल्या चवथीपर्यंत पुढे ढकलू नये, एवढेच सांगणे.