समोरचा फोटो पुरेसा नाही

ओठ शिवला, समोरून फोटो चांगला आला, म्हणजे काम फत्ते, असं मानणारे पुष्कळ आहेत. दुभंगलेल्या ओठाबरोबर येणाऱ्या नाकाच्या व्यंगाचं त्रिमितीय मोजमाप त्यांना महानगरी चैन वाटते. कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्यासारख्या केळी-हळदीच्या गावातल्या बाळाला त्याचं काय, असं ते विचारतात. त्यांचं एवढं खरं, की माणसं एकमेकांना समोरूनच पाहतात आणि फोटोला खर्च नाही. १९९१ साली अशर-मॅकडेड आणि सहकाऱ्यांनी फोटोवरून नाक-ओठांना पाच पायऱ्यांत गुण द्यायची पद्धत बसवली, ती रूढही झाली. पण गुण दिल्याने व्यंग कुठे आणि किती आहे ते कळत नाही.

एका बाजूचा ओठ दुभंगला की त्या बाजूच्या नाकपुडीचा पायथा बाहेर, खाली आणि मागे सरकतो. मागे, कारण त्याखालचं जबड्याचं हाडच अपुरं असतं. कूर्चा चपटी पडते, नाकाच्या पडद्याचं पुढचं टोक न दुभंगलेल्या बाजूला ढळतं. समोरच्या फोटोत यातलं मागे सरकणं दिसतच नाही. शिवाय आईच्या मांडीवरच्या बाळाने हनुवटी जरा उचलली की नाकपुडी मोठी दिसते, झुकवली की झाकली जाते. मग आधीच्या आणि नंतरच्या फोटोंतला फरक सर्जनच्या हाताचा मानायचा की मानेच्या कलाचा?

त्रिमितीय छायाचित्रणात अनेक कॅमेरे एकाच क्षणी चेहरा टिपतात. क्ष-किरण नाहीत, गुंगी नाही. त्या चेहऱ्याची उजवी-डावी उलटवलेली प्रतिमा त्याच्यावरच बसवली की दोन बाजूंची तफावत मिलिमीटरमध्ये मिळते. नाकपुडीच्या आतलं मात्र या कॅमेऱ्यांना दिसत नाही. पडदा आणि श्वास वेगळे तपासावेच लागतात.

चैनीचा आक्षेप तर पुण्यानेच खोडला आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानावर पुण्याजवळ झालेल्या शस्त्रक्रियेचं वर्णन १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आलं. त्यात मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक आधी चेहऱ्यावर बसवून पाहिलं, मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने आखून कातडी घेतली. शस्त्रक्रिया करणाऱ्या त्या कारागिराने तिन्ही मिती मोजल्या, त्याही मेणाने!

२०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत अशी मुलं शोधतात, हे मोलाचं काम आहे. मात्र ओठ साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात शिवतात आणि नाकाची अखेरची दुरुस्ती वाढ थांबल्यावर, सोळा-अठराव्या वर्षी होते. मधल्या काळात डॉक्टर बदलतात. डोंगरकड्याच्या आईवडिलांची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी. नोंद नसेल तर प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करणार. म्हणून मोजमापाची गरज शहरातल्यापेक्षा त्यांनाच जास्त आहे. कॅमेऱ्यांचा संच नसेल तिथे बाळ शस्त्रक्रियेसाठी गुंगीत असतानाच नाकाचा ठसा घेऊन प्लास्टरचा साचा करता येतो. हनुवटीखालून आणि दोन्ही बाजूंनी फोटो साध्या फोननेही निघतात. ते टाके घालण्याआधीच काढावेत, आणि एक प्रत घरच्यांच्या हाती द्यावी.