सांगितलेलं का ऐकलं जात नाही? संगणकाच्या पहिल्या पडद्यावरची मराठी

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने हा विषय का घेतला, असं काहींना वाटेल. विषय असा आहे : संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवताना, यंत्र चालू होतानाच एक ओळ लिहून आपण आज्ञा देऊ शकतो. भाषा मराठी ठेव, कळफलक अमुक ठेव, वगैरे. आणि कधीकधी इन्स्टॉलर ती आज्ञा बाजूला सारून इंग्रजीतच पुढे जातो. हे का घडत आलं, याचा इतिहास छोटा आहे, पण आपल्या भाषेशी बांधलेला आहे. शिवाय ‘आज्ञा म्हणजे काय’ हा मीमांसकांचा जुना प्रश्न. तेव्हा मी अगदीच परक्या शिवारात शिरलो आहे असं नाही.

आधी ही आज्ञा प्रवास कसा करते ते पाहू. उदाहरण लिनक्सचं घेतो, कारण त्याचं सगळं काम उघड्यावर झालं आणि म्हणून त्याचा इतिहास सांगता येतो. यंत्र चालू झालं की प्रथम बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो. आपली ओळ तो कर्नलच्या हाती देतो. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. कर्नल त्यातलं स्वतःला कळेल तेवढं घेतो. उरलेलं सहसा पहिल्या प्रक्रियेकडे जातं, आणि पूर्ण ओळ एका ठिकाणी वाचायला ठेवलेली असते. इन्स्टॉलर सर्वांत शेवटी येतो आणि आपल्या कामाचं त्यातून शोधतो. म्हणजे कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणाऱ्या अर्जासारखंच हे आहे. अर्ज घेतला म्हणजे वाचला, असं होत नाही.

आता सतराव्या शतकातला अन्नंभट्ट आठवा. त्याच्या ‘तर्कसंग्रहा’त वाक्याचा अर्थ कळायला तीन गोष्टी लागतात असं सांगितलं आहे : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. आकांक्षा म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची असलेली अपेक्षा. योग्यता म्हणजे अर्थ एकमेकांना बाधक नसणं. अग्नीने शिंपडा म्हटलं तर ते जुळत नाही. सन्निधी म्हणजे शब्द जवळजवळ, वेळेत उच्चारले जाणं. माझं म्हणणं असं, की यंत्राला दिलेली आज्ञा वाया जाते ती बहुतेक वेळा या तिघांपैकी एक नसल्यामुळेच.

आकांक्षा पाहा. आपण लिहिलेलं नाव इन्स्टॉलर शोधतच नसेल, किंवा एक अक्षर चुकलं असेल, तर त्या शब्दाची वाट कोणीच पाहत नसतं. तक्रारही कोणी करत नाही. त्याहून गमतीची गोष्ट २००१ साली आलेल्या कर्नलच्या २.४ मालिकेची. डेबियनच्या जुन्या मार्गदर्शिकेत इशारा होता की हा कर्नल जास्तीत जास्त आठ पर्याय आणि आठ परिसर-मूल्यं घेतो, आणि त्या आठांत इन्स्टॉलरने स्वतः घातलेलीही मोजली जातात. जास्तीची तो मुकाट्याने टाकून देत असे. पुढच्या २.६ मालिकेत मर्यादा ओलांडली तर कर्नल थेट बंद पडायचा. कठोर वाटतं खरं, पण निदान काही बिघडलं आहे हे माणसाला कळत होतं.

सन्निधी म्हणजे जागेचा प्रश्न. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये त्या ओळीत आडव्या रेघांची एक खूण असते. खुणेनंतर लिहिलेला पर्याय बसवलेल्या सिस्टीममध्ये कायम राहतो. खुणेआधी लिहिलेला फक्त बसवण्यापुरता. शब्द तोच, जागा वेगळी. बसवून झाल्यावर यंत्र पुन्हा चालू केलं आणि आपला पर्याय नाहीसा झाला, की माणूस म्हणतो ‘इन्स्टॉलरने ऐकलंच नाही’. त्याने ऐकलेलं असतं, पण तेवढ्याच वेळेपुरतं.

आता योग्यता, आणि इथे मराठीचा खरा प्रश्न येतो. यंत्र सुरू होताना दिसतो तो साधा मजकुराचा पडदा. तो चौकटींचा असतो, एका चौकटीत एक अक्षर. १९८७ साली आयबीएमने व्हीजीए आणलं, त्याच्या मजकूर-पडद्यावर एका वेळी २५६ किंवा फार तर ५१२ आकृत्या मावतात. इंग्रजीला ते पुरून उरतं. आपलं काय? आपल्या भंडाऱ्याची ओळख असलेला ‘पितळ’ हा शब्द घ्या. संगणकाच्या स्मृतीत आधी प, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी प-च्या आधी काढावी लागते. जोडाक्षरं तर आणखी पुढची गोष्ट. एका चौकटीत एक अक्षर ठेवणाऱ्या पडद्याला हे जमत नाही.

यावर आपल्याकडे उपाय झाला होता. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. ते कार्ड यंत्रात बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसे. पण कार्ड नसलेल्या यंत्राचा पडदा होता तसाच राहिला. १९९१ साली युनिकोडमध्ये देवनागरी आली, तरी अक्षराला क्रमांक मिळणं वेगळं आणि ते नीट उमटणं वेगळं. म्हणून रेड हॅट आणि फेडोराच्या ॲनाकोंडा या इन्स्टॉलरला मजकूर-पडद्यावर आपल्यासारखी भाषा सांगितली, तर ती इथे दाखवता येत नाही, पुढचं काम इंग्रजीत होईल, असा निरोप तो देत असे. भाषा नाकारली, पण सांगून नाकारली.

दार उघडलं ते चित्रमय इन्स्टॉलरमुळे. डेबियनने तो २००७ सालच्या आवृत्तीत आणला. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘लेनी’ ही आवृत्ती आली, तेव्हा नव्या भाषांत मराठीचं नाव होतं. एकूण भाषा ६३. त्यातल्या ५० मजकूर-पडद्यावरही चालत, १३ फक्त चित्रमय पडद्यावर. यामागे अनुवादकांची मेहनत होती. एकेक वाक्य त्यांनी मराठीत आणलं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. यंत्रात स्मृती कमी पडली तर डेबियनचा इन्स्टॉलर काटकसर सुरू करतो, आणि त्याची पहिली काटकसर म्हणजे सगळे अनुवाद बंद करणं. मग काम इंग्रजीतच. आता विचार करा, जुनं, कमी स्मृतीचं यंत्र कुठे असतं? लाखांदूर-पवनीकडच्या एखाद्या शाळेत ते असण्याची शक्यता जास्त, की मुंबईच्या कार्यालयात? ज्याला मराठीची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच यंत्रावरून मराठी आधी उतरते. यात कोणाचा दुष्टावा नाही. स्मृती नसेल तर काहीतरी सोडावंच लागतं. तरीही काय आधी सोडायचं, हा निर्णय माणसांनीच घेतलेला असतो.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. यंत्राने प्रत्येक आज्ञा पाळलीच पाहिजे, असं मी म्हणत नाही. योग्यता नसेल तिथे पाळता येणारच नाही. पण पाळली नाही हे सांगितलं पाहिजे. लिनक्स १९९१ साली जन्माला आलं. ओळखू न आलेले पर्याय कोणते, हे कर्नलने सुरुवातीच्या नोंदीत आपणहून लिहायला सुरुवात केली २०२१ साली. एका ओळीच्या सूचनेला तीस वर्षं लागली.

तुमच्यापैकी जे शिक्षक शाळेत अशी यंत्रं लावतात, त्यांना एवढंच सांगतो. आज्ञा दिलीत, म्हणून निश्चिंत होऊ नका. नाव बरोबर आहे का, जागा बरोबर आहे का, पडदा चित्रमय आहे का, स्मृती पुरेशी आहे का, हे चार प्रश्न विचारा. आणि इन्स्टॉलर इंग्रजीत बोलला, तरी मराठी गेली असं समजू नका. बसवून झाल्यावर सिस्टीम मराठीत करता येते. ती करा, आणि मगच यंत्र मुलांच्या हाती द्या.