फिरंगी म्हणजे नेमका कोण?

परवा अमेरिकेतल्या नातीचा फोन आला. यंदा तिला शाळेत स्पॅनिश आहे. म्हणाली, "आजी, 'रिको' हे विशेषण माणसाला लावलं की श्रीमंत आणि जेवणाला लावलं की चविष्ट. एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे गं?" म्हटलं, दोनाचं काय घेऊन बसलीस, आपल्या 'फिरंगी'चे मोजून बघ! फोनवर सांगणं अर्धंच राहिलं, म्हणून इथे लिहिते.

मूळ शब्द 'फ्रँक'. ज्या लोकांवरून फ्रान्सला नाव मिळालं ते हे. धर्मयुद्धांच्या काळात अरबांनी पश्चिम युरोपातून आलेल्या सगळ्यांनाच ते नाव लावलं. फारसीत त्याचं 'फरंग' झालं आणि तिथून ते आपल्याकडे आलं. 1498 साली वास्को द गामा कालिकतला पोचला. पुढे आपल्या किनाऱ्यावर ठाण मांडून बसले ते पोर्तुगीज, त्यामुळे मराठीत फिरंगी म्हणजे पोर्तुगीज असंच ठरून गेलं. आज्ञापत्रात परदेशी व्यापाऱ्यांची नावं येतात. त्यात फिरंगी वेगळे, इंग्रज वेगळे, वलंदेज म्हणजे डच वेगळे, आणि सगळ्यांना मिळून शब्द 'टोपीकर'. गंमत अशी की ज्यांचा या नावावर पहिला हक्क, ते फ्रेंच तिथे 'फरासीस' आहेत!

शब्द माणसांपाशी थांबला नाही. युरोपातून आलेल्या सरळ पात्याला इथली मूठ बसवली की ती तलवार 'फिरंग'. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात 'फिरंग रोग' आहे, म्हणजे उपदंश. तलवारीला मान आणि रोगाला तिरस्कार, नाव मात्र एकच. चाकणचा किल्ला 1660 साली शायिस्तेखानाविरुद्ध लढवणारे फिरंगोजी नरसाळा तर अस्सल मराठे.

आता जे सांगायचं होतं ते. साधारण 1978 च्या सुमाराची गोष्ट. वर्गात वसईची मोहीम शिकवताना मी सारखं 'फिरंगी, फिरंगी' म्हणत होते. जुन्या कागदांतला शब्द, मला तो भारी वाटायचा. सहामाहीत एका मुलाने लिहिलं, 'चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये इंग्रजांकडून वसई घेतली.' मी लाल शाईने फुली मारली आणि सगळ्या वर्गासमोर त्याला बोलले. तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, "बाई, तुम्हीच फिरंगी म्हणाला होतात."

त्याचा फिरंगी हिंदी सिनेमातला होता, म्हणजे इंग्रज. शिवाय त्याच वसईत 1802 साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तो धडाही पुस्तकात होताच. पोराचं काय चुकलं? पोर्तुगीज हा साधा शब्द मी एकदा फळ्यावर लिहिला असता तर पुरे होतं. पुढच्या वर्षीपासून लिहायला लागले, पण त्याचे गुण काही वाढवले नाहीत. आज तो पन्नाशीपलीकडे असेल.

पंचवटीत नारोशंकराच्या देवळाची घंटा आहे, वसईच्या विजयाची खूण म्हणून नाशिककर ती दाखवतात. तिच्यावर 1721 साल आहे. नात आली की तिला तिथे न्यायचं आहे. घंटेला फिरंगी म्हणायचं की नाही, ते तिनेच ठरवावं.