ड्रॉइंग बोर्ड आणि माळवद

धाराशिवच्या एसटी स्टँडवर सकाळी उभं राहिलं की एक दृश्य पूर्वी हमखास दिसायचं. कळंबकडून, उमरग्याकडून आलेल्या गाडीतून मुली उतरायच्या. एका हातात जेवणाचा डबा, काखेत ड्रॉइंग शीटची गुंडाळी आणि खांद्यावरच्या पिशवीतून बाहेर डोकावणारा लांबलचक ड्राफ्टर. आता बरंचसं ड्रॉइंग संगणकावर होतं, त्यामुळे हे ओझं कमी झालं. पण त्या ओझ्याला एक इतिहास आहे आणि तो आपल्या जिल्ह्याचा आहे.

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. अभियांत्रिकी शिकायची तर हैदराबाद गाठायचं, तिथल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याची भाषा उर्दू. मुलग्यांनाच ते अवघड, मुलींचा तर विचारच नव्हता. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, १९६० मध्ये औरंगाबादला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. पण उमरग्याच्या बापाला औरंगाबादही हैदराबादइतकंच परकं वाटायचं. "संध्याकाळी घरी कशी येणार?" हा त्याचा एकच प्रश्न असायचा आणि त्या एका प्रश्नावर मुलीचं शिक्षण बारावीला थांबायचं.

या प्रश्नाचं उत्तर आलं १९८३ साली. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारनं विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. या धोरणावर टीका पुष्कळ झाली, आजही होते. शुल्काचा भार पालकांवर आला हे खरंच आहे. पण त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात दोन महाविद्यालयं उभी राहिली. एक जिल्ह्याच्या गावी, तेरणा ट्रस्टचं. दुसरं तुळजापूरला, तुळजाभवानी देवस्थानचं. ज्या देवीच्या दारात आपल्या बायाबापड्या पिढ्यान् पिढ्या परडी घेऊन आल्या, त्याच देवस्थानानं काढलेल्या कॉलेजात त्यांच्या नाती यंत्रांची चित्रं काढू लागल्या.

आधीच्या बायकांनी काय सोसलं होतं, तेही पाहा. मद्रासजवळच्या गिंडी महाविद्यालयात १९४० साली ए. ललिता यांनी विद्युत शाखेत प्रवेश घेतला. त्या बालविधवा होत्या, पदरात लहान मुलगी होती. १९४३ मध्ये त्या आणि आणखी दोघी तिथून अभियंता झाल्या. आपल्या शेजारच्या हुबळीत १९६८ साली सुधा मूर्ती यांनी प्रवेश घेतला, तेव्हा वर्गात त्या एकट्या मुलगी. साडी नेसायची, कँटीनमध्ये जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही, अशा अटी त्यांना घातल्या गेल्याचं त्यांनीच लिहिलं आहे. नंतर १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं पुण्यात मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. तोवर आमच्या भागातल्या मुली मुलांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसून शिकून बाहेरही पडल्या होत्या.

मी त्यांच्यापैकी एक. मराठवाड्यातल्याच एका महाविद्यालयात मी १९८६ साली स्थापत्य शाखेत दाखल झाले. वर्गात आम्ही तिघी. त्या इमारतीत बायकांसाठी धड स्वच्छतागृहही नव्हतं. दिवसभर पाणी कमी पिणं ही आमची पहिली सवय.

अभ्यासाच्या सवयी त्यानंतर लागल्या. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे इंग्रजी पुस्तकाचं एक पान वाचायला तास जायचा. आम्ही वहीचं पान उभं दुमडायचो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आमच्या शब्दांत त्याचा अर्थ. 'शिअर' म्हणजे कात्रीत सापडल्यासारखा जोर, 'बेंडिंग मोमेंट' म्हणजे कावड खांद्यावर घेतल्यावर मधोमध वाकते ते. ही वही पुढच्या वर्षीच्या मुलीकडे जायची, ती त्यात भर घालायची.

मग सबमिशन. मुलं रात्री होस्टेलवर एकत्र बसून 'जीटी' मारायची. म्हणजे दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली बल्ब लावायचा आणि खालच्या शीटवरून वरच्या कोऱ्या शीटवर चित्र जसंच्या तसं उतरवायचं. आम्हाला रात्री बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक रेघ आम्हीच मोजून काढली. लोक म्हणतात, मुली मुळातच मेहनती. खरं सांगायचं तर आम्हाला नक्कल करायची संधीच कमी होती! घरमालकीण मावशी म्हणायच्या, "रातभर दिवा जाळून नुसत्या रेघाच मारतीस व्हय गं?" वीज गेली की कंदील, शीटवर काजळी पडू नये म्हणून तो लांब ठेवायचा आणि डोळे ताणायचे.

त्या रेघांचा अर्थ मला कळला १९९३ साली. ३० सप्टेंबरची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र सरत आलेली. चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. आपल्याकडे सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. माणसं मारली ती जमिनीच्या हादऱ्यानं नव्हे, घरांनी. आपली घरं माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा जड थर. भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण तिचे आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे पदर असतात, मधे भराव. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नसला की हादऱ्यानं ते सुटतात आणि माळवद खाली येतं.

पडलेली बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. पण तडा गेलेली सुमारे दोन लाख घरं मालकांनी स्वतःच दुरुस्त आणि मजबूत करून घ्यायची, असं ठरलं. सरकार पैसे देणार. पण काम नीट झालं की नाही, हे गावात कोण पाहणार? स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं शेकडो गावांत महिला मंडळातल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. सिमेंटचं प्रमाण किती, पाणी किती दिवस मारायचं, कोपरे कसे बांधायचे, हे त्या शिकल्या आणि गवंड्याला विचारू लागल्या.

त्याआधी एका बांधकामावर मला मुकादमानं परत पाठवलं होतं. "बाईमाणसाचं इथं काय काम?" भूकंपानंतर मात्र एका गावात मी बायकांना आरपार दगड समजावत होते. माझी चित्रं त्यांना उमजेनात. तेवढ्यात मागून एक आजी म्हणाल्या, "आगं, गोधडीच की ही. दोन पदर, मधी चिंध्या. टाका आरपार नसला तर उसवंलच." माझ्या चार वर्षांच्या शिक्षणात ही गोष्ट इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितली नव्हती. त्या दिवसापासून वर्गात मी भिंत शिकवताना आधी गोधडी सांगते.

पुढे वाट रुंदावली. महाराष्ट्रात अभियांत्रिकी प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव झाल्या. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळाला आणि २०२३ पासून सर्वच महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. त्याच वर्षी जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं पूर्ण शिक्षण शुल्क माफ झालं. "पोराची फी भरू की पोरीची?" हा बापापुढचा दुसरा प्रश्न त्यानं पुष्कळसा सुटला.

एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. संगणक शाखेला मुलींची ओढ, आणि स्थापत्य, यंत्र या शाखांत शिकलेल्या मुलीही अनेकदा टेबलाजवळच्या कामावर थांबतात. विचारलं तर सांगतात, "मॅडम, साइटवर घरचे नको म्हणतात." पहिला प्रश्न असा नव्या रूपात परत आलाच. अशा वेळी मी त्यांना भूकंपानंतरच्या त्या गावाची गोष्ट सांगते. भिंतीपाशी जाऊन उभं राहायला त्या आजींनी कुणाची परवानगी मागितली नव्हती. घर पडलं तर आत कोण असतं, हे त्यांनी पाहिलं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)