तीन हजार मैल

ऑइल बदलून गाडी परत ताब्यात घेतली की समोरच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटासा स्टिकर चिकटवलेला दिसतो. त्यावर पुढच्या वेळची तारीख आणि मैलांचा एक आकडा. वर्षानुवर्षे तो आकडा काढण्याची रीत ठरलेली होती: आजच्या आकड्यात तीन हजार मिळवायचे. अमेरिकेत येऊन गाडी घेतलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हा आकडा कधी ना कधी पाळला असेल. मी तर तो सोमवारच्या उपवासासारखा पाळला.

२००३ साली मी पीएच.डी.साठी मिशिगनला आलो आणि दुसऱ्या वर्षी एक सेकंडहँड जपानी गाडी घेतली. नऊ वर्षे जुनी, बासष्ट हजार मैल झालेली. नाशिकला आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती आणि बाबांचा तिच्यावर फार जीव. त्यामुळे दर रविवारी कॉलिंग कार्डावरून फोन केला की प्रकृतीच्या चौकशीनंतर त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असे, "ऑइल बदललंस का? तीन हजार झाले की बदलायचं." स्टिकरही तेच सांगत होता. वडील आणि स्टिकर यांचे एकमत झाल्यावर शंका घ्यायला जागा कुठे उरते?

२००७ च्या थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी आम्ही शिकागोकडे निघालो होतो. मागच्या सीटवर पाच महिन्यांची मुलगी. हायवेवर, सगळ्यात डावीकडच्या लेनमध्ये असताना इंजिन एकदम बंद पडले. आवाज नाही, धूर नाही, नुसती शांतता. कशीबशी गाडी कडेला आणली आणि टो ट्रकची वाट पाहत दीड तास बर्फात काढला. टायमिंग बेल्ट तुटला होता. पिस्टन व्हॉल्व्हवर आपटून व्हॉल्व्ह वाकले होते. मेकॅनिकने विचारले, "बेल्ट याआधी कधी बदलला?" मला अशी काही वस्तू गाडीत असते हेच ठाऊक नव्हते. ग्लव्ह बॉक्समधले मॅन्युअल त्यानेच उघडून दाखवले: साठ हजार मैलांना बदलावा. गाडीचे झाले होते अठ्ठ्याण्णव हजार. मी छत्तीस हजार मैलांत बारा वेळा ऑइल बदलले होते, आणि ते पुस्तक एकदाही उघडले नव्हते. डॉक्टरेटचा विषय यंत्रांतील कंपने हा होता, हे मी त्या मेकॅनिकला सांगितले नाही.

तेव्हापासून हा तीन हजारांचा आकडा आला कुठून याचा मी जमेल तसा शोध घेत आलो आहे. त्याची कहाणी सांगण्यासारखी आहे.

सुरुवात करावी लागते फोर्डच्या 'मॉडेल टी'पासून. १९०८ ते १९२७ या काळात ही गाडी दीड कोटीवर तयार झाली. तिच्या इंजिनात ऑइलचा पंप नव्हता. फिरते भाग तेल उडवीत आणि ते जिथे पोचेल तिथे वंगण. पातळी पाहायला डिपस्टिकही नव्हती. गाडीखाली शिरून दोन छोट्या तोट्यांपैकी वरची उघडायची. तेल टपकले तर भरपूर आहे, नाही तर खालची उघडून पाहायची. ऑइल गाळायला फिल्टर नव्हता आणि रस्ते बहुतेक मातीचे. धूळ सरळ इंजिनात जाई आणि तेलात मिसळून सिलिंडर घासत बसे. शिवाय ते तेल म्हणजे नुसते खनिज तेल, त्यात आजच्यासारखी रसायने नव्हती. अशा स्थितीत हजार मैल व्हायच्या आतच तेल ओतून टाकणे हाच शहाणपणा होता. फोर्डच्या पुस्तिकेत हे सारे प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेले असे, कारण गाडी घेणारा शेतकरीच तिचा मेकॅनिक होता. ऑइलशिवाय जागोजागी ग्रीसचे कप असत. ते अधूनमधून हाताने पिळून फिरवावे लागत. गाडी बाळगणे हे गाय बाळगण्यासारखे काम होते.

पुढची पन्नास वर्षे म्हणजे हा आकडा हळूहळू लांबत जाण्याचा इतिहास आहे. अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ साली तेलाच्या दाटपणाला क्रमांक दिले. आज डब्यावर जे ५डब्ल्यू-३० वाचतो त्याचे मूळ तिथे आहे. (डब्ल्यू म्हणजे विंटर. तेल थंडीत किती पातळ राहते त्याची ती खूण.) १९२३ च्या सुमारास अर्नेस्ट स्वीटलंड याने ऑइल फिल्टर आणला आणि 'प्युअर ऑइल लेटर' या शब्दांवरून त्याला प्युरोलेटर असे नाव दिले. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत दाबाखाली फिरणारे तेल, ऑइल फिल्टर आणि हवेचा फिल्टर तिन्ही होते. धुळीचा प्रश्न बराचसा तिथेच सुटला.

पण दुसरा शत्रू इंजिनाच्या आतच होता. पेट्रोल जळताना पाणी तयार होते, आणि थोडे पेट्रोल न जळता पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरते. त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे घालत, त्यामुळे आम्ले तयार होत. इंजिन चांगले तापले तर पाणी आणि पेट्रोल उडून जाते. पण गोठवणाऱ्या थंडीत घरापासून दोन मैलांवरच्या दुकानात जाऊन परत आलो, तर ते आतच राहते आणि तेलाचा काळा चिखल होतो. कार्बोरेटरच्या गाड्यांत चोक ओढला की पेट्रोल आणखीच जास्त जाई. त्यावर तीन उपाय आले आणि तिघांनाही वेळ लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तेलात घाण धरून ठेवणारी आणि झीज थोपवणारी रसायने मिसळू लागली. १९६० च्या दशकात इंजिनातली वाफ बाहेर सोडण्याऐवजी परत जाळण्यासाठी ओढून घेणारी पीसीव्ही झडप आली. १९७५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे नव्या गाड्यांना शिसेविरहित पेट्रोल लागू लागले, आणि नंतर कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले.

इथे बाबांची एक सवय आठवते. ते डिपस्टिक काढून तेल बोटांत चोळून पाहत आणि "काळं झालं" असा निकाल देत. पद्मिनीच्या बाबतीत ते बरोबर असेलही. पण आजचे तेल काळे होते ते घाण धरून ठेवते म्हणूनच. तेच तर त्याचे काम. रंगावरून तेल संपले की नाही हे कळत नाही.

या सुधारणांचा परिणाम मॅन्युअलमध्ये दिसू लागला होता. १९८० च्या आसपास जनरल मोटर्सच्या पुस्तिकांत दोन वेळापत्रके असत. साधारण वापराला साडेसात हजार मैल, कठीण वापराला तीन हजार मैल किंवा तीन महिने. कठीण म्हणजे छोट्या फेऱ्या, कडाक्याची थंडी, धूळ, ट्रेलर ओढणे, तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभे राहणे. म्हणजे तीन हजार हा आकडा खोटा नव्हता. तो दोनांपैकी एक होता. दुसरा कुठे गेला हा खरा प्रश्न.

त्याचे उत्तर मला इंजिनात नाही, रस्त्याच्या कडेला सापडते. पूर्वी गॅस स्टेशनवरचा माणूस गॅस भरता भरता बॉनेट उघडून ऑइल पाही आणि मागच्या वर्कशॉपमध्ये ते बदलूनही देई. ऑक्टोबर १९७३ च्या तेलसंकटानंतर स्वतः गॅस भरण्याची पद्धत फोफावली, ती वर्कशॉपे बंद होत गेली आणि त्यांच्या जागी कॉफी व बटाट्याचे वेफर्स विकणारी दुकाने आली. ती पोकळी भरून काढली दहा मिनिटांत ऑइल बदलून देणाऱ्या दुकानांनी. सत्तरच्या दशकात युटामध्ये सुरू झालेली जिफी ल्यूब ही त्यांतली सर्वांत नावाजलेली. सोय खरीच मोठी होती, हे मान्य केले पाहिजे. पण ज्याचा धंदाच ऑइल बदलण्याचा, तो दोन आकड्यांपैकी कुठला निवडणार? आणि 'तुमचा वापर कठीणच आहे' असे म्हणणे सोपे असते, कारण बर्फ आणि शाळेच्या फेऱ्या कोणाला चुकल्या आहेत?

याची परीक्षा 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' मासिकाने घेतली आणि निष्कर्ष जुलै १९९६ च्या अंकात छापले. न्यूयॉर्कच्या पंचाहत्तर टॅक्सींमध्ये नव्याने बांधलेली इंजिने बसवली आणि सगळ्या मिळून पंचेचाळीस लाख मैल चालवल्या. काहींचे ऑइल तीन हजार मैलांना बदलले, बाकीच्यांचे सहा हजारांना. शेवटी इंजिने उघडून झीज मोजली, तर सांगण्यासारखा फरक नव्हता. मला हा प्रयोग आवडतो, पण त्याची मर्यादाही मासिकाने सांगितली होती. टॅक्सीचे इंजिन दिवसभर गरमच असते. मिशिगनमधल्या दोन मैलांच्या फेऱ्यांबद्दल त्यावरून फारसे कळत नाही.

त्या फेऱ्यांचा विचार दुसऱ्याच एका चमूने केला होता. जनरल मोटर्समध्ये शर्ली श्वार्ट्झ या रसायनशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी तेल कधी संपते हे ठरवण्याची एक पद्धत बसवली. ती १९८८ च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आली. गंमत अशी की ती तेलाची तपासणी करतच नाही. इंजिन किती वेळा फिरले ते मोजते आणि प्रत्येक फेऱ्याला तेलाच्या तपमानाप्रमाणे वजन देते. फार थंड असताना फिरले तर जास्त, फार गरम असताना फिरले तरी जास्त, मधल्या पट्ट्यात कमी. मग 'ऑइल लाइफ' शंभर टक्क्यांवरून खाली येत जाते. प्रोग्रॅम लिहून पोट भरणाऱ्या माणसाला ही कल्पना फार देखणी वाटते. मैलांचा एक आकडा सर्वांना लावण्याऐवजी प्रत्येक गाडीला तिचा स्वतःचा हिशेब.

पुढे कॅलिफोर्निया राज्याने तर 'तीन हजार मैलांचा समज' घालवण्यासाठी मोहीमच काढली. कारण गाडीच्या खर्चापेक्षा वापरलेल्या तेलाचे होते. एका वेळी गाडीतून निघणारे तेल नाल्यात ओतले तर दहा लाख गॅलन पाणी बिघडवू शकते, असे अमेरिकेचे पर्यावरण खाते सांगते. आज सिंथेटिक तेल वापरणाऱ्या कित्येक टोयोटा गाड्यांना दहा हजार मैलांचा आकडा दिलेला असतो. पण इतिहास इथेही सरळ चालत नाही. छोट्या टर्बो इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात, तेव्हा थंडीतल्या छोट्या फेऱ्यांत ते पुन्हा तेलात उतरू लागले आहे. तेव्हा मॅन्युअलमधले कठीण वापराचे पानही वाचावे. आणि बेल्टचेही.

बाबांनी पद्मिनी १९९९ साली विकली. मागच्या खेपेस नाशिकला गेलो तेव्हा कपाटात तिची वही सापडली. तारीख, किलोमीटर आणि बारीक अक्षरात केलेले काम: ऑइल, ग्रीसिंग, प्लग साफ, पॉइंट सेट. तेव्हा प्रथम लक्षात आले की बाबांचे तीन हजार हे किलोमीटर होते. मी फोनवर ऐकले ते मैल. इतकी वर्षे आम्ही दोघे वेगवेगळ्या आकड्यांवर एकमत करून बसलो होतो.

मग एका संध्याकाळी बसून मी सगळ्या नोंदींची वजाबाकी केली. तीन हजार कुठेच येत नव्हते. एप्रिल-मेमध्ये गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर बऱ्याच फेऱ्या झाल्या, त्या वर्षी अठराशेला बदललेले. मुंबईच्या लागोपाठ खेपा झाल्या तेव्हा बेचाळीसशेला. बाबांना विचारले, तर चष्मा पुसत म्हणाले, "अरे, तुला लक्षात राहावं म्हणून तीन हजार सांगायचो."